‘म्हातारं किती येळा सांगतंय!’ : रशियन परीकथा, अमेरिकन टिंगल आणि एका डबिंगवाल्याचं उत्तर

राजारामपुरीतल्या एका पोरानं विचारलंय. चार-पाच मित्र मिळून ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ हा जुना अमेरिकन विनोदी कार्यक्रम बघत होते. त्यात ‘जॅक फ्रॉस्ट’ नावाच्या रशियन परीकथेच्या सिनेमाची यथेच्छ टिंगल होती. अर्धे हसून लोळले, अर्धे चिडले. एकजण म्हणाला, लोककथेची अशी चेष्टा करणं म्हणजे दुसऱ्याच्या देवघरात चपला घालून शिरणं. भांडण मिटेना, म्हणून पोरगं माझ्याकडं आलं : ‘काका, तुमचं आयुष्य डबिंग आणि एडिटिंगमध्ये गेलं. तुम्हीच सांगा, पिक्चर खरंच एवढा टुकार आहे का?’

टुकार नाही. पण तुम्ही हसलात त्यातही काही चुकलं नाही. मात्र तुम्ही नेमके कुणाला हसलात, ते बघायला पाहिजे. त्याआधी लोक मला कसे हसले ते सांगतो.

नव्वदच्या दशकात दक्षिणेकडचा एक जादूटोण्याचा पौराणिक पिक्चर मराठीत आणायचं काम माझ्याकडं आलं. कंपनीचं नाव सोडून देऊ. पैसे बेताचे, दिवस अकरा. संवाद, संगीत आणि इफेक्ट वेगवेगळ्या ट्रॅकवर मिळाले तर डबिंगवाल्याचं नशीब. इथं सगळं एकाच ट्रॅकवर कालवलेलं. त्यात एक मरणारा राजा. क्लोजअप. त्याचे ओठ सात-आठ सेकंद हलतायत आणि भाषांतर करणाऱ्यानं कागदावर लिहून दिलंय, ‘जा बाळा.’ दीड सेकंदात संपलं. उरलेलं तोंड कशानं भरू? रात्रीचे दोन वाजलेले. मी माईकपुढच्या नटाला म्हटलं, ‘मामा, ओढा तेवढंच.’ त्यांनी ओढलं : ‘जा... जा बाळा... जा रे जा... बाळा, जा.’

तो पिक्चर पुढं भुदरगडाकडच्या एका जत्रेत तंबूत लागला. मी मुद्दाम मागं जाऊन बसलो. राजा मरायला लागला. तंबूत शांतता. तिसऱ्या ‘जा’ला अंधारातून आवाज आला, ‘आरं जा की आता, म्हातारं किती येळा सांगतंय!’ सगळा तंबू फुटला. पुढची दहा मिनिटं पिक्चर कुणी ऐकलाच नाही. त्या बिचाऱ्या दिग्दर्शकानं तो प्रसंग सुरेख घेतला होता. समईचा उजेड, मागं रडणारी राणी, सगळं जिथल्या तिथं. पण त्या रात्री राजा हास्यास्पद झाला तो माझ्यामुळं.

अंधारातल्या त्या माणसाचंच काम तुमच्या कार्यक्रमातला माणूस आणि त्याचे दोन यंत्रमानव करतात. पडद्याच्या खालच्या कडेला त्यांच्या सावल्या बसलेल्या, समोर पिक्चर चालू आणि हे आपले टोमणे मारतायत. जोएल हॉजसननं १९८८ मध्ये मिनियापोलिसच्या एका स्थानिक वाहिनीवर हे सुरू केलं आणि पुढं ते देशभर गेलं. फरक एवढाच की आमच्या पिटातला गडी त्या क्षणी सुचेल ते बोलायचा. हे लोक पिक्चर पुन्हा पुन्हा बघून, जागा मोजून, टोमणे लिहून आणायचे. ते काम सोपं नाही. संवाद संपल्यावर किती फ्रेम मोकळ्या आहेत, पुढचा आवाज कधी येतोय, त्यात वाक्य बसवून हशाला जागा सोडायची. हे डबिंगइतकंच काटेकोर काम आहे, म्हणून त्या लोकांबद्दल मला व्यवसायबंधूंसारखी आपुलकी वाटते.

आता ते पिक्चर. त्या कार्यक्रमानं असे चार घेतले. त्यातले तीन अलेक्सांद्र प्तुश्को या रशियन दिग्दर्शकाचे : ‘साद्को’, ‘इल्या मूरोमेत्स’ आणि ‘साम्पो’. चौथा अलेक्सांद्र रोऊचा ‘मोरोझ्को’, म्हणजेच तुमचा ‘जॅक फ्रॉस्ट’. हे किरकोळ लोक नव्हेत. प्तुश्कोनं १९३५ मध्ये ‘नवा गलिव्हर’ केला, त्यात एका खऱ्या पोराभोवती बाहुल्यांची फौज फ्रेम-फ्रेम हलवून नाचवली. १९४६ साली पहिल्या कान महोत्सवात त्याच्या ‘दगडी फुला’ला रंगांसाठी बक्षीस मिळालं. ‘साद्को’ला १९५३ मध्ये व्हेनिसला रौप्य सिंह. १९५६ चा ‘इल्या मूरोमेत्स’ हा सोव्हिएत रशियाचा पहिला रुंद पडद्याचा सिनेमा. कॉम्प्युटर नाही, काही नाही. काचेवर रंगवलेली शहरं, छोटी मॉडेल, दुहेरी छपाई आणि वाट्टेल तेवढी चिकाटी. कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आपल्या बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेरा परवडत नाही म्हणून स्वतःच कॅमेरा तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ आणला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की लोक घाबरले आणि ते दृश्य पुढं काढावं लागलं. रंगाच्या ब्रशातून सिनेमात आलेल्या माणसांची ही जातच वेगळी.

मग अमेरिकेत काय झालं? शीतयुद्धाचे दिवस. रशियन पिक्चर म्हणून तिकीट खपणार नाही. ‘साद्को’ हा नोव्हगोरोद या रशियन शहरातला, गुस्ली नावाचं तंतुवाद्य वाजवणारा गवई, आपल्याकडच्या शाहिरासारखा. स्वस्तातले पिक्चर काढणारा अमेरिकन निर्माता रॉजर कॉर्मन, त्याच्या कंपनीनं तो घेतला, कापला आणि १९६२ मध्ये ‘सिंदबादची जादुई सफर’ असं नाव देऊन लावला. इंग्रजी संवाद जुळवायचं काम केलं एका विशीतल्या पोरानं. तोच पुढं ‘गॉडफादर’ करणारा फ्रान्सिस फोर्ड कोपोला. पोटासाठी सगळेच करतात, मीही केलंय. नायक सेर्गेई स्तोल्यारोव्हचं नाव श्रेयनामावलीत ‘एडवर्ड स्टोलर’ झालं. पडद्यावर कांद्याच्या आकाराचे घुमट, लाकडी वाडे, फरच्या टोप्या, आणि तोंडानं म्हणतायत की हा सिंदबाद. हसू येणारच की!

हे घरचं उदाहरण घेऊन बघ. प्रभातनं इथंच, कोल्हापुरात, १९३२ साली ‘माया मच्छिंद्र’ केला. नाथपंथी लोककथा, स्त्रीराज्य, राणीच्या वेषात दुर्गा खोटे आणि जवळ खराखुरा चित्ता. समजा एखाद्या परदेशी व्यापाऱ्यानं तो उचलला, मच्छिंद्रनाथाचा केला अलिबाबा, गोरखनाथाचा केला त्याचा नोकर, गुरु-शिष्याचा सगळा धागा ‘लांबण’ म्हणून कापला आणि मृदंगातून ‘चलो मच्छिंदर, गोरख आया’ उमटतं तिथं ‘चला साहेब, बोट सुटेल’ असं भरलं. बघणारा पोट धरून हसेल. ते हसू शांतारामबापूंच्या खात्यावर मांडायचं का?

कापाकापीचंही ऐक. ‘साम्पो’ मूळ दीड तासाचा. अमेरिकेत १९६४ मध्ये लावताना तो ६७ मिनिटांवर आणला आणि नाव ठेवलं ‘पृथ्वी गोठली तो दिवस’. कार्यक्रमात त्याच्या आधी सर्कशीवरची एक छोटी फिल्म, मधे सूत्रधारांचे प्रवेश, जाहिराती. म्हणजे आणखी कात्री. लोककथेत एखादी गोष्ट तीनदा घडते. पहिल्या दोन खेपांना फसते, तिसऱ्यांदा साधते. वितरकाला तेच आधी ‘रिपीट’ दिसतं आणि तो पहिल्या दोन खेपा उडवतो. मग नायक बसल्या जागी जिंकतो आणि प्रेक्षक म्हणतो, काय पोरखेळ आहे! ‘इल्या’चं तर रुंद चित्र चौकोनी टीव्हीत कोंबलं. २.३५ला १ अशा पडद्याचं १.३३ला १ केलं की शंभरातला त्रेचाळीस हिस्सा बाहेर जातो. तीन डोक्यांचा ड्रॅगन अशा खिडकीत दाखवायचा म्हणजे लग्नाच्या ग्रुप फोटोतून नवरी कापण्यातलाच प्रकार.

डबिंगचं थोडं खोलात सांगतो, कारण तुमच्या हसण्यातला निम्मा वाटा तिथला आहे. आरशापुढं उभा राहा आणि म्हण, ‘बाबा, पाणी पी.’ ओठ चार वेळा मिटले. आता म्हण, ‘तात्या, जल घे.’ अर्थ तोच, ओठ एकदाही मिटले नाहीत. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतातच, आणि प्रेक्षकाचा डोळा ते नकळत पकडतो. त्यामुळं चांगला डबिंग लेखक आधी मूळ चित्रातले मिटलेले ओठ मोजतो आणि मग शब्द शोधतो. घाईत हे होत नाही. मग एक तर नट घोड्यावर बसल्यासारखा भरभर बोलतो, नाहीतर माझ्या राजासारखा ‘जा रे जा’ करत बसतो.

दुसरी गोष्ट याहून बारीक आहे. इफेक्टचा ट्रॅक वेगळा नसला की मूळ संवाद पुसताना पावलांचा आवाज, कापडाची सळसळ, दाराची करकर सगळं पुसलं जातं. ते पुन्हा भरायला वेळ आणि पैसा लागतो. न भरता सोडलं तर माणूस बर्फातून चालतोय आणि पायाखाली काही वाजत नाही अशी विचित्र, पोकळ शांतता तयार होते. ती शांतता म्हणजे टोमणे मारणाऱ्याला मोकळं मैदान! मूळ रशियन आवाजात बघितलं तर तेवढ्या मोकळ्या जागा सापडायच्या नाहीत, असं माझं मत.

पण सगळं डबिंगवर ढकलून मी मोकळा होणार नाही. ‘मोरोझ्को’ला तुम्ही हसलात, त्यात तुम्हाला गोष्टीचा कायदाच परका वाटला हेही आहे. अन् कायदा परका नाहीच! पिक्चरची सुरुवात आठव. नक्षीदार झडपा उघडून खिडकीत एक म्हातारी येते आणि गोष्ट सांगू लागते. हे आपलं ‘आटपाट नगर होतं’. सावत्र आईनं कोंबडा आरवायच्या आत मोजे विणायला सांगितलेत, म्हणून नास्तेन्का उजाडणाऱ्या आभाळाला विनवते, जरा थांब. पहाट थांबते. श्रावणातल्या कहाण्या ऐकत वाढलेल्या माझ्या आईला यात काहीच विचित्र वाटलं नसतं.

आणि तो इवान, ज्याच्या अस्वलाच्या डोक्याला तुम्ही सर्वांत जास्त हसलात. रानातल्या बुटक्या म्हाताऱ्यानं त्याला धनुष्य-बाण दिला आणि म्हटलं, आता वाकून नमस्कार कर. हा घमेंडीत म्हणतो, अस्वल करेल तुला नमस्कार. झालं, याच्याच धडावर अस्वलाचं डोकं. ‘उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको’ हे आपण दरवर्षी ऐकतो; इवान मातला. पुढं तो ‘कुणाचं भलं करू?’ असं विचारत रानभर फिरतो आणि त्याचं तोंड बघून लोक पळतात. हा मूळ पिक्चरमधला विनोद आहे, रोऊनं घातलेला. पुढं एका म्हातारीला पाठीवर घेऊन घरी पोचवल्यावर त्याला माणसाचं डोकं परत मिळतं. म्हणजे दिग्दर्शक तुमच्या आधी हसलाय, आणि कार्यक्रमातली मंडळी बऱ्याचदा त्याच्याच विनोदावर आपला विनोद चढवतात. दोन ढोलकीवाले एकाच लावणीला वाजवायला लागले तर काय ऐकू येणार?

पिक्चरमधल्या बाबा यागा या चेटकिणीचं तर आणखीच. लहानपणी आमच्या घरी मॉस्कोत छापलेली मराठी परीकथांची पुस्तकं होती. गुळगुळीत कागद, झकास चित्रं, किंमत शेंगदाण्याच्या पुडीएवढी. त्यात मी पहिल्यांदा कोंबडीच्या पायांवरची झोपडी पाहिली आणि वडिलांना विचारलं, ‘हा बाबा बाई कसा?’ रशियनमध्ये ‘बाबा’ म्हणजे बाईमाणूस, म्हातारी. पडद्यावर ही म्हातारी करणारा गेओर्गी मिल्यार मात्र पुरुष! १९३९ पासून रोऊच्या पिक्चरांत तो ही चेटकीण रंगवत आला. हे बघून अमेरिकन माणूस बिचकतो. आपण कशाला बिचकायचं? तमाशात गवळणीत मावशी कोण करतो? मिशी काढून लुगडं नेसलेला बाप्याच, आणि तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला की हशा सुरू. मिल्यारची चाल बघ, हाताची बोटं बघ. मावशीच्या घराण्यातला माणूस आहे तो.

चिडलेल्या मित्राला माझा निरोप सांग. चपला घालून देवघरात शिरल्याचा मुद्दा मला पटत नाही. आपल्या गवळणीत पेंद्या आणि मावशी खुद्द कृष्णाची रेवडी उडवतात. सोंगाड्या राजाला राजा म्हणत नाही. लोककथा टिंगलीनं मेली असती तर महाराष्ट्रात एकही उरली नसती. तिला मारते ती कात्री, आणि नाव बदलून विकणारा. तुझा राग त्या दोघांवर काढ.

सगळं माफ करतोय असंही नाही. ‘साद्को’तलं हिंदुस्थान बघितलं तर तू स्वतः टोमणे मारशील. गवई सुखाचा पक्षी शोधत आपल्या देशात येतो. इथला राजा बुद्धिबळ खेळतो, आणि बाईचं तोंड असलेला पक्षी गाऊन सगळ्यांना झोपवतो. हत्ती, घुमट, झगमग, सगळं एका डब्यात. पक्षी मात्र असा भारलेला आहे की मी दर वेळी तिथं थांबतो. शेवटी गवई घरी परततो आणि कळतं काय, तर सुख आपल्याच मातीत. हे त्या काळच्या सरकारला आवडणारं गोड औषध आहे, आणि तिथं पिक्चर खरोखर ढिला पडतो. खरा रशियन माणूस पंधराव्या शतकात आपल्या चौलच्या बंदरात उतरला होता, अफनासी निकितिन. त्यानं जुन्नरपर्यंतचं पाहिलेलं लिहून ठेवलंय. तो अनुभव या झगमगाटापेक्षा कितीतरी रसाळ आहे.

‘साम्पो’वर मात्र कार्यक्रमाची चेष्टा मला थोडी उथळ वाटली. त्यांचा सगळा भर एकाच प्रश्नावर : साम्पो म्हणजे असतं तरी काय? आपल्या आजीला विचारा. जातं! एका बाजूनं पीठ, दुसरीकडून मीठ, तिसरीकडून सोनं दळणारं. गोष्ट फिनलंडच्या ‘कालेवाला’तली. एलियास ल्योनरोट नावाच्या डॉक्टरनं गावोगाव हिंडून लोकांची गाणी गोळा केली, १८३५ मध्ये छापली आणि १८४९ मध्ये वाढवून ५० सर्गांची केली. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या कुणी अशा ओवून काढल्या असत्या तर काय झालं असतं, असं मला नेहमी वाटतं. पिक्चरमध्ये लोखंडाचा घोडा घडवून सापांनी भरलेलं शेत नांगरायचा प्रसंग आहे. ते आवाज बंद करून बघ. लाल उजेड, काळी माती, वळवळणारी सरी. प्तुश्कोला हसणाऱ्यांपैकी केव्हिन मर्फी, म्हणजे त्या कार्यक्रमातला एक यंत्रमानव चालवणारा कलावंत, त्यानंसुद्धा मुलाखतींतून या पिक्चरांच्या देखणेपणाची तारीफ केलीय. हसणाऱ्यालाही दिसत होतं.

आणि एक तिसरं हसणं असतं. चेक आणि स्लोव्हाक लोक ‘मोरोझ्को’ दरवर्षी नववर्षाच्या आसपास टीव्हीवर बघतात. तिथं त्याचं नाव ‘म्राझीक’. संवाद तोंडपाठ, इवानाची नक्कल घरोघर, टवाळी तर विचारू नका. आणि तरी पुढच्या वर्षी पुन्हा सगळे टीव्हीपुढं. तुम्ही पोरं काही जुने मराठी पिक्चर असेच पाठ म्हणत बघता की नाही? त्यात टिंगल कुठं संपते आणि माया कुठं सुरू होते ते कुणी सांगू शकेल असं मला वाटत नाही.

तर आता असं करा. ‘मोरोझ्को’ मूळ रशियन आवाजात, खाली शब्द असलेला मिळवा. आधी कार्यक्रमातली प्रत बघा, टोमण्यांसकट. मग मूळची. बर्फात मोरोझ्को, म्हणजे थंडीचा म्हातारा, नास्तेन्काला विचारतो, ‘ऊब आहे ना पोरी?’ आणि ती गारठून निळी पडलेली असताना म्हणते, ‘आहे, आजोबा’. त्या जागी दोन्ही प्रती थांबवा आणि कान देऊन ऐका की मागं काय वाजतंय. वारा, झाडांचा कडकडाट, तिचा श्वास यांतलं कुठल्या प्रतीत काय उरलंय ते वहीत लिहा. पुढं लाडावलेल्या सावत्र बहिणीचं, मार्फुष्काचं, हात-पाय आपटणं आणि डुकरांच्या घसरगाडीतून घरी येणं दोन्हींत सारखंच भारी आहे, तिथं वही ठेवून हसा.

वही घेऊन रविवारी खरी कॉर्नरला कॅमेऱ्याच्या स्तंभाजवळ या, दहाच्या पुढं. मिसळ तुमच्याकडून. चिडलेल्या मित्रालाही आणा, आणि कुणाकडं माझ्या त्या मरणाऱ्या राजाची कॅसेट निघाली तर तीही आणा. तो आवाज मला एकदा पुन्हा ऐकायचाय.